बापाची पेटी उघडण्याआधी

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाव, कर्ज आणि वीज यांवर सकाळपासून बोलणे झाले. ते सगळे भांडण आपले बाहेरच्याशी आहे. आता आम्ही घरातल्या भांडणावर बोलणार आहोत. हा विषय मेळाव्यात निघत नाही, कारण तो काढला की प्रत्येकाची मान खाली जाते. पण तालुक्याच्या कोर्टात एकदा जाऊन बाकावर बसलेली माणसे बघा. व्यापाऱ्याविरुद्ध आलेला शेतकरी क्वचित दिसेल. भावाविरुद्ध भाऊ, काकाविरुद्ध पुतण्या आणि दिराविरुद्ध भावजय मात्र रांगेने बसलेली असतात. वकिलाची फी द्यायला दोघांनीही कापूस विकलेला असतो, आणि तोही एकाच व्यापाऱ्याला, एकाच पडत्या भावाने.

दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगून उपदेश करणे सोपे असते. म्हणून आम्ही आमच्याच घरची सांगतो.

आम्ही तीन भाऊ, एक बहीण. वडिलोपार्जित जमीन १२ एकर, सगळी कोरडवाहू. एक विहीर, तिचे पाणी संक्रांतीपर्यंत. बाप १९९६ साली गेला. तेरवीचे जेवण उठले, पाहुण्यांच्या बंड्या गावाबाहेर पडल्या आणि त्याच संध्याकाळी आम्ही बापाची पत्र्याची पेटी उघडली. आत सोसायटीच्या पावत्या, कापसाच्या जुन्या पट्ट्या, एक घड्याळ आणि थोडे रुपये निघाले. रुपयांवरून भांडण झाले नाही, ते मोजून तीन ठिकाणी ठेवता आले. भांडण झाले बैलजोडीवरून, तांब्याच्या हंड्यावरून आणि धुऱ्यावरच्या आंब्यावरून. बैल दोन आणि भाऊ तीन, हा हिशेब कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत. शेवटी जोडी बाजारात नेली, पडेल त्या किमतीला विकली, आणि त्या साली तिघांनीही भाड्याच्या बैलांनी पेरणी केली. पेरणी उशिरा झाली, हे सांगायला नकोच.

हंड्यासाठी माणूस भांडतो तेव्हा त्याला हंडाच हवा असतो असे नाही. ज्या धंद्यात तीस वर्षे राबून बापाच्या पेटीत पावत्यांशिवाय काही साठत नाही, त्या धंद्यातल्या पोरांना हंडासुद्धा इस्टेट वाटतो. आणि जमीन तर दर पिढीला तुटत जाते. महाराष्ट्रात १९७०-७१ च्या कृषी गणनेत सरासरी धारण क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टर झाले. आजोबाच्या ताटात चार भाकरी होत्या, नातवाच्या ताटात सव्वा उरली. अशा वेळी कोणाचा घास कमी करायचा, हे घर ठरवते. आणि घर नेहमी एकाच माणसाचा करते: बहिणीचा.

आम्हीही तेच केले. बहिणीचे लग्न १९८८ साली झाले होते. १९९७ साली तिला बोलावून घेतले, नवी साडी घेतली, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेले आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. तिने काही विचारले नाही. आईने तिच्याकडे बघितले नाही. परत येताना आम्ही तिला गावातल्या हॉटेलात भजी खाऊ घातली आणि मनात म्हणालो, गुणाची बहीण आहे. पुढे वाटणीपत्र करून प्रत्येकी चार एकर आमच्या नावे चढले. आईने नाव सोडले ते वेगळेच. तिला तर कोणी विचारलेसुद्धा नव्हते.

२०१५ साली बहिणीचा नवरा गेला. दीर म्हणाले, तुला माहेरचे आहे की. ती आमच्याकडे आली, तर आम्ही म्हणालो, तुझे सासरी आहे की. सासरच्या सातबाऱ्यावर तिचे नाव नाही, माहेरच्या सातबाऱ्यावर नाही. नाव नाही म्हणून सोसायटीचे पीककर्ज नाही. गारपिटीची भरपाई आली तर ती दुसऱ्याच्या खात्यात. जन्मभर शेतात राबलेली बाई, आणि सरकारदरबारी ती शेतकरी नाही.

२०२१ साली आई गेली. आईच्या पेटीत दोन पाटल्या होत्या. आमच्या घरातल्या बायकांचे डोळे त्यांच्यावर, आणि खरे सांगायचे तर आमचेही. कायद्याने आईचे सोने मुलामुलींचे सारखे, पण तेव्हा ते कोणाला माहीत! बहिणीला विचारले, तुला काय पाहिजे? ती म्हणाली, "मला पाटल्या नकोत. मी कशावर सही केली होती तो कागद एकदा वाचून दाखवा. चोवीस वर्षे झाली, मी तो ऐकला नाही."

कागद आणला. मोठ्या भावाने वाचला. "राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, कोणताही मोबदला न घेता." तिथपर्यंत वाचून तो थांबला. पुढे कोणालाच वाचवले नाही.

त्या रात्री आम्ही एक हिशेब मांडला. उत्पादन खर्चाचा हिशेब आपण सरकारपुढे मांडतो. घरच्या माणसांची मजुरी धरा म्हणून ओरडतो. मग तोच हिशेब घरात का मांडायचा नाही? बहीण दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत वेचणीला होती. दिवसाला २० किलो धरा, हंगामाचे ४० दिवस धरा. सालाला ८ क्विंटल. आठ सालांचा ६४ क्विंटल कापूस तिने एकटीने वेचला. निंदणी, ज्वारीची कापणी, शेण, पाणी यात धरलेले नाही. ती शाळेतून निघाली ती याच वेचणीसाठी, आणि आम्ही शिकलो ते त्याच कापसावर. तिच्या लग्नात खर्च केला म्हणून हिस्सा फिटला, असे आम्ही सांगत होतो. भावांनो, मजुरीच्या चालू दराने ६४ क्विंटलची वेचाई घरी जाऊन काढा. मग लग्नाचा मांडव कोणाच्या पैशाचा होता ते कळेल.

आता कायदा सांगतो, कारण अर्धी भांडणे अज्ञानाची असतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या वाट्यात वाटा दिला, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मसिद्ध हिस्सा दिला नाही. महाराष्ट्राने १९९४ साली तो दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. म्हणजे बाप गेला तेव्हा आमच्या बहिणीचा हिस्सा १२ एकरांत साधारण १९ गुंठे भरत होता. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने सगळ्या मुली मुलांसारख्याच वारस झाल्या, लग्न झालेले असो की नसो. बाप त्या तारखेला हयात पाहिजे की नको, यावर बरीच वर्षे वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हक्क जन्माचा आहे, बाप हयात असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या नोंदणीकृत वाटण्या मोडत नाहीत.

आमची वाटणी १९९७ ची, नोंदणीकृत. कायद्याने आम्ही सुटलो होतो. हिशेबाने सुटलो नव्हतो. आई गेल्यावर चौघांत १२ एकर म्हणजे तीन-तीन एकर. तिघांनी एक-एक एकर काढला की बहिणीचे तीन होतात. आम्ही दोघांनी बक्षीसपत्र करून आपापला एकर दिला. तिसऱ्याने दिलेला नाही. त्याला आम्ही या व्यासपीठावरून दोष देणार नाही. त्याच्या डोक्यावर दोन पोरींच्या लग्नाचे कर्ज आहे. बहिणीने दोन एकरांत पऱ्हाटीत तुरीची ओळ धरून पहिले पीक घेतले आणि सोसायटीत स्वतःच्या नावावर कर्ज उचलले. तिसऱ्या भावाकडे ती भाऊबीजेला जाते. विषय काढत नाही. तो मात्र तिच्या डोळ्याला डोळा देत नाही.

काही जण म्हणतील, बहिणींना वाटे दिले तर जमिनीचे तुकडे होतील. तीन भावांत तुकडे होताना तुकडेबंदी कोणाला आठवली नव्हती. नावावर हिस्सा असणे म्हणजे मधे धुरा घालणे नव्हे. सातबाऱ्यावर पाच नावे ठेवून एकाने वाहिता येते; बाकीच्यांना ठरलेला मक्ता द्यावा, पावती घ्यावी. बहिणीने हिस्सा घेतला तर बापाच्या कर्जाचाही तेवढा वाटा तिच्याकडे येतो, हेही तिला स्पष्ट सांगावे. तिला फुकटचे नको आहे, तिला हिशेब पाहिजे.

म्हणून या मेळाव्यातून जाताना पाच गोष्टी ठरवून जाऊ.

पहिली. तेरवीच्या आत पेटी उघडायची नाही. उघडाल तेव्हा सगळ्या भावाबहिणींसमोर, यादी करून, खाली सगळ्यांच्या सह्या घेऊन. औत, डवरे, तिफण जो वाहतो त्याच्याकडे, किंमत धरून. आठवणीच्या वस्तूंना किंमत लावू नका, चिठ्ठ्या टाका. आणि पेरणीच्या तोंडावर बैलजोडी मोडू नका.

दुसरी. माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्या, आणि त्यात आईचे नाव आधी, मग मुलामुली, सगळ्यांचे. नाव गाळून केलेला फेरफार मालकी बदलत नाही, तो फक्त भांडण पुढच्या पिढीला देतो.

तिसरी. वर्षश्राद्धाच्या आत कोणत्याही बहिणीकडून हक्कसोड मागायची नाही. तिला खरेच सोडायचे असेल तर तिच्या विश्वासाच्या माणसाने कागद मोठ्याने वाचून दाखवावा. साध्या कागदावरची सही हक्कसोड होत नाही, आणि नोंदलेली हक्कसोड सहजासहजी परत येत नाही. दोन्ही बाजू तिला कळू द्या.

चौथी. विहिरीच्या पाळ्या, मोटारीचे बिल आणि बंडीची वाट वाटणीपत्रातच लिहा. जमीन वाटायला एक दिवस लागतो; न लिहिलेल्या वाटेवरून तीस वर्षे डोकी फुटतात.

पाचवी गोष्ट आमच्यासारख्या पांढऱ्या केसांच्या माणसांसाठी. कोणाचे देणे, कोणाकडून येणे, हे एका वहीत लिहून ठेवा आणि वही कुठे आहे ते घरात दोघांना सांगा. स्वतः कमावलेल्या जमिनीचे मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करा. बँकेत एकाचे नाव वारसदार म्हणून लावले म्हणजे पैसा त्याचा झाला असे नाही. तो बाकीच्या वारसांसाठी सांभाळणारा असतो, हे त्यालाही सांगून ठेवा. आणि बायकोचे नाव सातबाऱ्यावर आपण जिवंत असतानाच लावा. लक्ष्मी मुक्तीच्या वेळी गावेच्या गावे हे करून मोकळी झाली. ज्यांनी तेव्हा केले, त्यांच्या घरात आई कोणाकडे जेवणार यावर वाद झाले नाहीत. पोरे आईकडे जेवतात.

भावांनो, आपण रस्त्यावर बसतो तेव्हा म्हणतो की भीक नको, घामाचे दाम पाहिजे. आमची बहीण त्या रात्री वेगळे काय मागत होती? आज घरी गेल्यावर ज्याच्या कपाटात असा एखादा कागद असेल, त्याने तो काढावा आणि बहिणीला बोलावून पूर्ण वाचून दाखवावा. पुढे काय करायचे ते मग आपोआप सुचते. आम्हाला तरी तसेच सुचले.