फोटो भिंतीवर किती मोठा लावता येईल?



आईला घेऊन आम्ही जयपूरला गेलो होतो. हवामहलसमोर भाच्याने मोबाईलवर तिचा एक फोटो काढला. पुढच्याच वर्षी आई गेली. वर्षश्राद्धाच्या आधी तो फोटो २४ बाय १८ इंचांचा करून भिंतीवर लावायचं ठरलं. माझ्याकडे तो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला होता, तोच छापायला दिला. फ्रेम घरी आली तेव्हा मागच्या खिडक्या एकमेकींत मिसळल्या होत्या आणि आईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या गेल्या होत्या. छापणाऱ्याची काही चूक नव्हती. साधा भागाकार मी केला नव्हता.

तो भागाकार आज करू या. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे स्वतः फोटो काढत. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह सिटी पॅलेसच्या संग्रहालयात जपलेल्या आहेत. त्या काळी काच कागदावर ठेवून उन्हात छपाई होई, म्हणजे जेवढी काच तेवढाच फोटो. प्रश्नच नव्हता! आपल्या फोटोला मात्र इंच नसतात, फक्त पिक्सेल असतात. इंच आपण ठरवायचे.

१२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला ३०० पिक्सेल हवेत. ४००० भागिले ३००, म्हणजे सव्वातेरा इंच. ३००० भागिले ३००, म्हणजे १० इंच. झालं उत्तर.

पण भिंतीवरचा फोटो कोणी नाकाला लावून बघत नाही. डोळ्याला किती बारीक दिसतं ते अंतरावर ठरतं. ढोबळ नियम असा: ३४०० ला अंतराच्या इंचांनी भागा. दोन फुटांवरून, म्हणजे २४ इंचांवरून बघायचं तर इंचाला साधारण १४० पिक्सेल पुरतात. दहा फुटांवरून तर तीसही चालतात. रस्त्यावरचे मोठे फलक म्हणूनच लांबून स्वच्छ दिसतात, जवळ गेलं की ठिपके.

आता आईचा फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत होती १६०० बाय १२०० ची. १६०० भागिले २४, इंचाला जेमतेम ६७. चार-सव्वाचार फूट लांब उभं राहिलं तर ठीक. पण आईच्या फोटोजवळ माणूस जातोच ना! मूळ फोटो ४००० चा. भागिले २४, म्हणजे साधारण १६७. दोन फुटांवरूनही छान.

दोन गोष्टी आणखी. फोटो कापलात तर उरलेले पिक्सेल मोजा. नुसता चेहरा कापून १००० पिक्सेल उरले, तर तो हातात धरायला सव्वातीन इंचांचाच. आणि संगणकात फोटो ताणून मोठा केला, तर पिक्सेल वाढतात, पण न टिपलेल्या सुरकुत्या परत येत नाहीत.

भाच्याने तोवर मोबाईल बदलला होता. जुना कपाटात पडून होता, चार्जिंगला लावला, सुरू झाला. मूळ फोटो त्याने डॉक्युमेंट म्हणून पाठवला. आता दिवा लावताना आईच्या कपाळावरची बारीक आठीसुद्धा दिसते.

तेव्हा मंडळी, घरातल्या मोठ्यांचे मूळ फोटो कोणाच्या मोबाईलमध्ये आहेत ते आजच विचारा. जुना मोबाईल विकण्याआधी विचारा.