सोयरीक नसलेल्या दोन भाषा



अध्यक्षाने मराठीच्या भवितव्याची काळजी वाहावी, अशी रीत आहे. ती माझ्या आधीच्या वक्त्यांनी पोटभर वाहिली. म्हणून मी आज तुम्हाला जरा लांब नेतो. पश्चिम जावात, बांडुंगच्या आसपास बोलली जाणारी सुंदानी आणि गवताळ पठारांवरची मंगोलियन या दोन भाषा मी निवडल्या आहेत. पहिली ऑस्ट्रोनेशियन कुळातली, दुसरी मंगोलिक कुळातली. दोघींचे काही नाते नाही. मग त्या शेजारी का बसवायच्या, असे आमच्या विभागात मला तोंडावर विचारले गेले आहे.

अडचण अशी की, भाषांची तुलना म्हटली की आपण लगेच सोयरीक शोधू लागतो. शब्द जुळला की पत्रिका जुळली! मंगोल लोक ज्या गोल तंबूत राहतात, त्याला ‘गेर’ म्हणतात. हे कळताच कोणीतरी ‘घर’ म्हणून टाळी वाजवतोच. पण आपले ‘घर’ ‘गृह’वरून प्राकृतातून आले. ‘गेर’शी त्याचा संबंध नाही, साम्य निव्वळ योगायोगाचे. उलट मंगोलियनमधला ‘एर्देने’ पाहा. कानाला अगदी परका वाटतो, पण तो आपला ‘रत्न’ आहे. शब्दाच्या आरंभी ‘र’ नको, असा त्या भाषेचा जुना स्वभाव. त्यामुळे उइगुरांकडून येता येता त्याला पुढे स्वर चिकटला. गुरू ग्रहाला तिथे ‘बार्खास्बाद’ म्हणतात, शनीला ‘सांचिर’, मंगळाला ‘आंगारग’. बृहस्पती, शनैश्चर आणि अंगारक बौद्ध धर्माबरोबर तिथवर पोचले. त्यांच्या मागोमाग आपला राजा भोजही ‘आर्जी बोर्जी’ होऊन गेला आणि सिंहासन बत्तिशीच्या गोष्टी सांगू लागला.

सुंदानीकडे संस्कृत समुद्रावरून आली. ‘बासा’ म्हणजे भाषा, ‘चारिता’ म्हणजे गोष्ट, ‘हार्गा’ म्हणजे किंमत. हा शेवटचा आपला ‘अर्घ’. ‘इस्त्री’ म्हणजे बाई. तिथे कपडे टाकायला जाऊ नका. पण उसन्या शब्दांनी कूळ बदलत नाही, हे एवढ्या उदाहरणांनी पटायला हरकत नाही.

आता खरी गंमत. प्रत्येक भाषा बोलणाऱ्याला काही गोष्टींची सक्ती करते. सुंदानीत ‘जेवणे’ म्हणायचे तर आधी ठरवावे लागते की जेवतो कोण. साधे ‘दाहार’. स्वतःबद्दल नम्रपणे बोलायचे तर ‘नेदा’. मान्यवर व्यक्तीबद्दल ‘तुआंग’. आपण तू, तुम्ही, आपण म्हणतो, पण धातू ‘जेव’च राहतो. आई ‘गिळा आता’ म्हणते तो तिचा राग, ते व्याकरण नव्हे. सुंदानीत मात्र अशा शेकडो शब्दांच्या पायऱ्या आहेत. या व्यवस्थेला ‘उंदाक-उसुक’ म्हणतात. आणि ही काही सुंदानीची जन्मजात सभ्यता नाही. सतराव्या शतकात जावातल्या मातारामच्या सत्तेखाली दरबारी रिवाज आले, त्यांच्याबरोबर हीही आली. जुन्या सुंदानी पोथ्यांत तिचा पत्ता नाही. राज्यकर्त्याचा शिष्टाचार व्याकरणात मुरला. मला तो मोहक वाटतो आणि जाचकही.

मंगोलियनची सक्ती माणसांची नाही, स्वरांची आहे. तिथे स्वर ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ असे दोन गटांत असतात आणि मूळच्या शब्दात ते सहसा मिसळत नाहीत. प्रत्ययालाही शब्दाच्या स्वराशी जुळवून घ्यावे लागते. ‘गार’ म्हणजे हात, हातातून म्हणजे ‘गारास’. पण ‘गेर’चे होते ‘गेरेस’ आणि ‘गोल’, म्हणजे नदी, तिचे ‘गोलोस’. आपला ‘ऊन’ कोणाच्याही दारात तसाच उभा राहतो. मात्र वाक्यात क्रियापद शेवटी आणि प्रत्यय नामाच्या मागे, ही मंगोल रचना मराठी विद्यार्थ्याला लवकर वळते. सुंदानी त्याला घोटाळ्यात टाकते, कारण ती शब्दाच्या पोटात शिरते. ‘बुदाक’ म्हणजे मूल आणि ‘बारुदाक’ म्हणजे मुले. अनेकवचन मध्येच!

शब्दसंग्रहातही हा फरक दिसतो. सुंदानीत शेतातला भात ‘पारे’, झोडलेला ‘गाबाह’, सडलेला तांदूळ ‘बेआस’ आणि ताटातला भात ‘सांगु’. कोकणातल्या बाईला हे समजावून सांगावे लागणार नाही. मंगोलियनमध्ये तांदूळ म्हणजे फक्त ‘पांढरे धान्य’. पण घोड्याचे पिल्लू वेगळे, दुसऱ्या वर्षातले वेगळे, घोडी वेगळी, आणि रंगांची नावे तर विचारूच नका.

लिपीबद्दल मला जरा थांबायचे आहे, कारण मोडी घालवलेल्यांच्या सभेत ते ऐकले जावे. मंगोलांनी तेराव्या शतकाच्या आरंभी उइगुरांची लिपी घेतली. ती वरून खाली लिहितात. 1686 मध्ये झानाबाझार या धर्मगुरूने ‘सोयोंबो’ लिपी रचली. हे नाव म्हणजे आपला ‘स्वयंभू’, आणि तिचे चिन्ह आजही मंगोलियाच्या ध्वजावर आहे. 1940च्या दशकात सोव्हिएत प्रभावाखाली सिरिलिक आली. उभी लिपी चीनमधल्या अंतर्गत मंगोलियात मात्र टिकली आणि तिथेच 2020 मध्ये शाळांतून मंगोल माध्यम कमी करण्याविरुद्ध पालक रस्त्यावर उतरले. स्वतंत्र मंगोलियाने 2025 पासून सरकारी कामकाजात दोन्ही लिपी आणायचे ठरवले. सुंदानीची जुनी लिपी दक्षिण भारतीय वळणाची. पुढे जावानी, अरबी आणि रोमन लिपी आल्या. 1990च्या दशकात जुन्या वळणावरून एक प्रमाण लिपी घडवली गेली आणि 2008 मध्ये ती युनिकोडमध्ये आली. आज ती प्रामुख्याने रस्त्यांच्या पाट्यांवर दिसते. रोजचा व्यवहार रोमनमध्येच चालतो.

आणि हा हिशेब पाहा. मंगोलियाची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास, पण भाषेला स्वतःचे राष्ट्र. सुंदानी बोलणारे तीन कोटींहून अधिक, पण राष्ट्रभाषा इंडोनेशियन. अजिप रोसिदी यांनी सुरू केलेला ‘रांचागे’ पुरस्कार सुंदानी लेखकांना दरवर्षी मिळतो, तो सरकारच्या नव्हे, एका साहित्यिकाच्या हट्टातून उभा राहिला. संख्या भाषेला वाचवते या समजुतीवर निर्धास्त झोपणाऱ्या आपण मराठी लोकांनी या दोन आकड्यांशेजारी आपलाही आकडा मांडून बघावा.

मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्यांनो, संस्कृत आणि इंग्रजी या दोनच आरशांत मराठी पाहून आमची पिढी म्हातारी झाली. तुमच्यातल्या एकाने सुंदानी शिकावी, एकाने मंगोलियन. व्याकरण शिका, शब्दकोश घासा, आणि एखादी कथा इंग्रजीच्या मध्यस्थीशिवाय थेट मराठीत आणा. पुढच्या अध्यक्षाला ती वाचायला द्या. माझ्याकडे आली तर आनंदाने मुद्रिते तपासून देईन.