जुन्या मोटारसायकलचे पुढचे शॉकअप

जुनी मोटारसायकल घ्यायला गेलो की आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, अ‍ॅव्हरेज विचारतो. पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांकडे, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या भाषेत पुढच्या शॉकअपकडे, सहसा कोणी पाहत नाही. ब्रेक दाबला की गाडीचा भार येतो तो मात्र त्यांच्यावरच.

प्रत्येक नळीत स्प्रिंग असते आणि तेल असतं. स्प्रिंग धक्का झेलते. तेल बारीक छिद्रांतून सरकताना तिची उसळी जिरवतं. बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर-१२ या गाडीत आणलेली ही युक्ती आजही बहुतेक गाड्यांत आहे.

परीक्षा सोपी आहे. पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात खाली दाबा आणि सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. डोलत राहिली तर तेल कमी झालंय किंवा त्याचा कस गेलाय. चकचकीत नळीवर तेलाचा ओघळ दिसला, तर ऑइल सील गेलं समजा. हेच तेल खाली डिस्क ब्रेकवर उतरलं, तर ऐन वेळी ब्रेक लागत नाही.

सील आणि तेल दोन्ही बाजूंचं एकदमच बदला. नळीवर गंजाचे खड्डे असतील तर आधी नळीचं बघा, नाहीतर नवं सीलही लवकरच फाटेल. तेल शॉकअपचंच, कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे मोजून घाला. घरी काम करणार असाल, तर इंजिनखाली भक्कम आधार द्या. वरचं झाकण सोडवताना तोंड बाजूला ठेवा. आत स्प्रिंग दाबलेली असते.

आणि सौदा करताना हा खर्च किमतीतून वजा करून मागा. नव्या रंगाने गाडी चकाकते. खड्ड्यात सांभाळते ती ही नळी.