मूळसंख्येची ओळख



एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला तिला भागून पाहावे, असे आपण शाळेत शिकलो. 31 ला 2, 3 आणि 5 ने भाग जात नाही, की काम संपले. पण 2 चा 127 वा घात वजा 1 ही 39 अंकी संख्या घ्या. तिच्यासाठी 20 अंकी भाजकांपर्यंत जावे लागेल. जन्म पुरणार नाही. तरीही 1876 साली फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी ती मूळ असल्याचे सिद्ध केले.

त्यांच्या कसोटीचे लेमर यांनी सोपे केलेले रूप तुम्हीच 31 वर, म्हणजे 2 चा 5 वा घात वजा 1 वर, लावून पाहा. 4 चा वर्ग करा, 2 वजा करा, 31 ने भागून बाकी घ्या. बाकीवर पुन्हा तेच करा. 14, 8, 0. घातांकाहून दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आले. संख्या मूळ ठरली. 127 साठी अशा 125 पायऱ्या लागतात.

67 व्या घाताची अशीच संख्या मर्सेन यांनी 1644 साली मूळ म्हटली होती. ल्युकांनी ती मूळ नाही हे दाखवले, पण अवयव एकही हाती आला नाही. ते 1903 साली अमेरिकेत कोल यांनी दिले: 193707721 आणि 761838257287.

संख्या फुटते हे कळणे वेगळे, कुठे फुटते हे कळणे वेगळे. संदेश गुप्त राखणारी आरएसए पद्धत आज याच अंतरावर विसंबून आहे.