वार्धक्य, दाह आणि हृदय



पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. यालाच दाह म्हणतात. जंतूंचा नाश व्हावा व जखम भरून यावी, यासाठी शरीराने केलेली ही योजना असते. कार्य संपताच ती शमते. उतारवयात मात्र दाह पुरता शमत नाही. राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे तो धुमसत राहतो. इटलीतील शास्त्रज्ञ क्लॉडिओ फ्रान्सेस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली या अवस्थेस ‘इन्फ्लमेजिंग’ असे नाव दिले. विभाजन थांबलेल्या जीर्ण पेशी दाहकारक द्रव्ये स्रवतात. पोटातील वाढलेली चरबी त्यांत भर घालते.

याचा हृदयाशी संबंध काय? रोहिणीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साचले की रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे गोळा होतात. दाहामुळे त्या थरावरील आवरण दुर्बल होते. ते फाटल्यास रक्ताची गुठळी होऊन हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा खंडित होतो.

या विचाराची कसोटी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅन्टॉस’ चाचणीत लागली. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांचा तीत समावेश होता. कॅनाकिन्युमॅब या दाहशामक औषधाच्या १५० मिलिग्रॅम मात्रेने कोलेस्टेरॉल न घटताही झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. परंतु औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. दाह हा घातक खरा, तसाच तो शरीराचा पहारेकरीही आहे.

म्हणून दाह शमविण्यासाठी वेदनाशामक गोळ्या मनाने घेणे धोक्याचे आहे. गुडघेदुखीसाठी वृद्ध मंडळी नित्य घेतात त्यांपैकी अनेक गोळ्या रक्तदाब वाढवितात व झटक्याचा धोकाही वाढवितात. खरा उपाय दाहाचे इंधन कमी करण्यात आहे. तंबाखू व विडी सोडावी, रोज चालावे, पोटाचा घेर आटोक्यात ठेवावा, रक्तदाब व मधुमेह यांवर नियमित उपचार घ्यावेत.

“वय झाले, आता छातीत दुखायचेच,” असे म्हणून ज्येष्ठांचे दुखणे घरातच राहते आणि उपचाराची मोलाची वेळ निघून जाते. तीस वर्षांवरील व्यक्तींच्या रक्तदाब व मधुमेह तपासणीची सोय आरोग्य केंद्रांत आहे. ग्रामसभेत हा विषय आवर्जून निघाला आणि शिक्षकांनी तो घरोघरी पोहोचविला, तर अनेक घरांतील वडीलधाऱ्यांचे छत्र अधिक काळ टिकेल.