मोडी वाचता येते का?

इतिहास शिकला की प्राध्यापकच व्हायचं, असं आपण धरून चालतो. पण इतिहास संशोधक वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांतली जुनी दप्तरं त्यांनी धुंडाळली, ती काही विद्यापीठाच्या पगारावर नव्हे. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, ते याच ध्यासातून.

प्राध्यापकीबाहेरची अशी कामं आजही आहेत. 2023मध्ये जुन्या कागदपत्रांत कुणबी जातीच्या नोंदी शोधताना सरकारी कचेऱ्यांना मोडी लिपी वाचणारी माणसं हवी होती. टाटा समूहाचं पुण्यात स्वतःचं अभिलेखागार आहे. उद्योगाची जुनी पत्रं, छायाचित्रं जपायलाही जाणकारच लागतात.

आपल्या पिंपरी-चाकण पट्ट्यात तर किती काम पडलंय! चाकणचा संग्रामदुर्ग किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी 1660मध्ये शाइस्ताखानाशी जवळपास दोन महिने झुंजवला. तो किल्ला नीट समजावून सांगणारे वाटाडे हवेत. आणि पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषध कंपनी आली. तिथं सुरुवातीला कामाला लागलेली माणसं आज अतिशय वृद्ध आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणं मला सगळ्यांत निकडीचं वाटतं. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनो, मोबाइल सगळ्यांच्या खिशात आहे. या रविवारी शेजारच्या आजोबांकडे जा, त्यांचा कामावरचा पहिला दिवस कसा होता, ते विचारा.