नवे यंत्र आणि जुना संशय



नवे यंत्र गावात आले की गावात दोन तट पडतात. एकाला त्यात कलियुग दिसते, दुसऱ्याला सुवर्णयुग. म्हाताऱ्यांना अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. तरुणांना उतावळे म्हणणेही तितकेच सोपे. आज आम्हांला कोणालाच हसावयाचे नाही. संशयाच्या पोटात काय असते, एवढेच पाहावयाचे आहे.

१८३१ च्या सुमाराची मुंबई घ्या. गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर मराठी छपाई सुरू केली. छापण्याच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील कागदाला शिवेनात. गणपत कृष्णाजी त्यांच्याशी शास्त्रार्थ करीत बसले नाहीत. त्यांनी तुपाची शाई तयार केली! हरकत विद्येला नव्हती, शाईला होती. ती दूर झाली आणि छापील पंचांगाला घराचे दार उघडले.

दुसरी गोष्ट लोखंडी नांगराची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते असा शेतकऱ्यांचा समज होता. गिऱ्हाईक मिळावयास फार दिवस लागले. आपण म्हणाल, केवढे हे अज्ञान! पण ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर चालते, त्याचा प्रयोग फसला तर त्याला कोण पोसणार? पैसेवाल्याचा प्रयोग फसला तर पैसे जातात; कुणब्याचा फसला तर चूल विझते. ज्याला हा फरक कळला, त्याने त्या संशयाला मूर्खपणा म्हणू नये. नांगर शेतात चालला, पीक उभे राहिले, शेजाऱ्याने बांधावरून ते पाहिले, तेव्हा कोठे विष उतरले. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे लोखंडी नांगर महाराष्ट्राच्या ओळखीचा झाला.

या दोन्ही गोष्टींत शेवटी नवे जिंकले. म्हणून नवे नेहमीच खरे, असे कोणी समजू नये. तिसरी गोष्ट आपल्या घरची आहे.

आपल्या मोसमच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या फड पद्धत चालत आली. नदीला बंधारा, बंधाऱ्याचा पाट, पाटाखाली फड. एका फडात सर्वांचे पीक एक. पाणी पाटकऱ्याने फिरवावयाचे, पाट साफ करावयास घरटी माणूस द्यावयाचा. पाणी कमी आले तर तेही सर्वांनी वाटून घ्यावयाचे. मग विहिरीवर इंजिन बसले, पुढे विजेचा पंप आला. या यंत्राबद्दल आम्ही काही संशय घेतला काय? मुळीच नाही. नारळ फोडला, पेढे वाटले! त्यात चूकही नव्हती. मोट ओढून बैल आणि माणूस दोघेही थकले होते. पण ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला पाटाची गरज उरली नाही. आणि गरज उरली नाही म्हणून पाट साफ करावयास त्याच्या घरचा माणूसही येईना. वर हरणबारीचे धरण झाले, नगदी पिके आली, तीही कारणे आहेतच. पण पंपाचे बटण दाबताना फडाचे काय होईल, हे कोणी विचारले नाही, ही गोष्ट खरी. विहिरी खोल गेल्या, बोअर त्याहून खोल गेले. पाणी ज्याचे त्याचे झाले, आणि टंचाईही ज्याची त्याची झाली.

म्हणजे संशय घेणारे नेहमी चुकतात असे नाही, आणि स्वागत करणारे नेहमी शहाणे असतात असेही नाही. शाई बदलता आली, नांगर पारखता आला. कारण लोक अडून बसले, आणि करणाऱ्याला उत्तर द्यावे लागले. पंपाला कोणी अडविले नाही, म्हणून त्याला उत्तरही द्यावे लागले नाही.

आज कांद्याचा भाव मोबाइलवर घरबसल्या कळतो, फवारणीला ड्रोन येतो. येऊ द्यावे. आम्ही मोटेकडे परत चला म्हणावयास येथे उभे नाही. फक्त दारात आलेल्या नव्या पाहुण्याला एक प्रश्न विचारावा: तुझ्यामुळे आमचे एकमेकांशी जे काम उरणार नाही, ते उद्या लागले तर कोण करील? उत्तर मिळाले तर पाट मांडावा. नाही मिळाले, तर पाहुण्याला थोडे ओटीवर बसवावे. त्यात त्याचा अपमान नाही.